पटावरून कमी झालेली नावे

२०२३ च्या मे महिन्यात आमच्या दहावीच्या तुकडीचा स्नेहमेळावा झाला. १९८६ साली एस.एस.एल.सी. दिलेली ही मुले-मुली आता पन्नाशी ओलांडून गेलेली. कुणी पुण्याला, कुणी हुबळीला, दोघेतिघे आखातात जाऊन परतलेले. मी मुख्याध्यापक, त्यातून मराठीचा एम.ए., म्हणून स्मरणिकेचे संपादन ओघानेच माझ्या गळ्यात पडले. पंचवीसएक लेख आले. ते एका बैठकीत वाचले तेव्हा माझ्या लक्षात आले की सगळ्यांना जवळजवळ तेच आठवते आहे. गणिताच्या सरांची छडी, पावसाळ्यात गळणारी कौले, गोकाकच्या धबधब्याच्या सहलीत बंद पडलेली बस, मधल्या सुट्टीतली चिंच. आणि प्रत्येक लेखात नावेही तीच, फार तर बारा-तेरा.

आठवीत आम्ही साठाच्या आसपास होतो. दहावीच्या परीक्षेला बसलो ते चाळिशीच्या आतले. मेळाव्याची निमंत्रणे ज्या यादीवरून गेली ती यादी समितीने कशावरून केली होती, तर निकालपत्राच्या झेरॉक्स प्रतीवरून. म्हणजे जे परीक्षेपर्यंत पोचलेच नाहीत ते आमच्या वर्गातलेच नव्हते! या गोष्टीत कुणाचाही दुष्टावा नव्हता. यादी हाताशी होती, ती घेतली, एवढेच. पण ती यादी पाहिल्यापासून माझ्या मनात एक प्रश्न घर करून राहिला, आणि तो स्मरणिकेपुरता राहिला नाही. मराठीत शाळेवर, वर्गावर, वर्गसोबत्यांवर जे नावाजलेले लेखन आहे तेही अशाच निकालपत्रावरून लिहिले गेले आहे की काय?

म्हणून गेले वर्षभर ही पुस्तके मी पुन्हा वाचली, आणि ती माझ्या धंद्याच्या सवयीने वाचली. शाळेत हजेरीपट नावाची एक वही असते. वर्षाच्या मध्येच एखादा मुलगा यायचा थांबला, महिना-दीड महिना गैरहजर राहिला, की त्याच्या नावावर तांबडी रेघ ओढतात आणि शेऱ्याच्या रकान्यात 'नाव कमी केले' असे लिहितात. समीक्षेच्या पुस्तकांत अशी कसोटी कुठे सांगितलेली नाही, हे मला ठाऊक आहे. पण शाळेवरच्या पुस्तकाला शाळेतली कसोटी लावायला हरकत नसावी. पटावर कोण आहे, कोणाचे नाव कमी झाले, आणि ती रेघ लेखकाला दिसली का, एवढेच मी पाहत गेलो.

आपल्याकडच्या शाळेच्या आठवणींत बराच काळ मध्यभागी मास्तर बसलेले असत. पु. ल. देशपांड्यांचे 'चितळे मास्तर' हा त्यातला सर्वांच्या तोंडी असलेला नमुना. पु. ल. काही काळ बेळगावच्या राणी पार्वतीदेवी महाविद्यालयात प्राध्यापक होते, त्यामुळे आपल्याकडे त्यांच्याविषयी घरच्यासारखी आपुलकी आहे आणि चितळे मास्तरांवर आक्षेप घेणे म्हणजे देवळात चप्पल घालून जाण्यासारखे आहे. मी आक्षेप घेत नाही. तिथे वर्ग हा मास्तरांभोवतीचा गोतावळा आहे, लेखकाला मास्तरच सांगायचे आहेत, आणि ते त्याने सांगितले आहेत. आमच्यासारख्या मास्तरांना ते वाचून बरे वाटते, हेही कबूल करायला हवे.

वर्ग स्वतःच कथेचा नायक झाला तो मिलिंद बोकील यांच्या 'शाळा' या कादंबरीत. ती २००४ साली आली. आणीबाणीचे दिवस, मुंबईपासून फार दूर नसलेले लहान गाव, नववीचा वर्ग, आणि मुकुंद जोशी नावाचा सांगणारा मुलगा. चित्रे, सुऱ्या, फावड्या हे त्याचे सोबती. आणि शिरोडकर. त्या मुलीला मुकुंद मनातल्या मनातही आडनावाने हाक मारतो, इतक्या एका गोष्टीवरून लेखकाचा कान किती खरा आहे ते कळते. शाळेत मुली आडनावानेच असतात, कारण हजेरी आडनावाने घेतली जाते. मुलांनी ठरवून घेतलेल्या 'लाइनी', त्यांचे कायदे, दुसऱ्याच्या लाइनीकडे पाहायचे नाही हा अलिखित करार, हे सगळे कादंबरीत एखाद्या लहानशा राज्यासारखे चालते. बाहेरच्या मोठ्या राज्यात माणसांची तोंडे बंद झालेली आहेत आणि आतल्या लहान राज्यात मुलांना पहिल्यांदाच काही बोलायचे आहे, ही जुळणी लेखकाने कुठेही ओरडून सांगितलेली नाही.

एक आठवण इथे सांगतो. काही वर्षांपूर्वी नववीच्या एका मुलाच्या दप्तरात हे पुस्तक सापडले. विज्ञानाच्या पुस्तकाला घालतात तसे खाकी कव्हर घातलेले. वर्गशिक्षकांनी ते जप्त करून माझ्या टेबलावर आणून ठेवले. ते मी घरी नेले, आणि मुलाला परत मिळायला पंधरा दिवस लागले, कारण आधी ते आमच्या सौभाग्यवतींनी वाचायला घेतले. परत देताना मी त्या मुलाला काय बोललो ते आठवत नाही. काहीच बोललो नसेन.

तर 'शाळा' मला आवडते. पण पट पाहू लागलो की एक गोष्ट खटकते. मुकुंद पास होणार आहे हे आपल्याला पहिल्या पानापासून माहीत असते. त्याचे दुःख खरे आहे, पण ते दहावी ज्याच्यासाठी वाट पाहत उभी आहे अशा मुलाचे दुःख आहे. घरी नरूमामासारखा माणूस आहे, बोलायला भाषा आहे, विचार करायला सवड आहे. हीच कादंबरी फावड्याने सांगितली असती तर? असे विचारणे कादंबरीकारावर अन्याय करण्यासारखे आहे हे मला मान्य आहे. कोणी सांगायचे ते ठरवण्याचा हक्क लेखकाचा. त्यामुळे माझी तक्रार बोकिलांविषयी नाही, ती आमच्यासारख्या वाचकांविषयी आहे. कादंबरी आल्यावर, आणि पुढे सुजय डहाके यांच्या चित्रपटानंतर तर अधिकच, जो तो 'ही तर आमचीच शाळा' म्हणू लागला. आमच्या स्मरणिकेतल्या कितीतरी लेखांत हे वाक्य जवळजवळ जसेच्या तसे आले आहे. ते लिहिणाऱ्यांपैकी निम्म्यांची घरे मुकुंदाच्या घरासारखी नव्हती. कुणाचे वडील जंगलात लाकूडतोडीला जात, कुणाची आई दुसऱ्याच्या शेतात भात लावी. पण आठवण लिहायला बसल्यावर प्रत्येकाने मुकुंदाचा बाक पकडला. एखादे पुस्तक फार गाजले की ते आपल्या आठवणींनाही गणवेश चढवते.

आता आपल्या लंपनकडे येतो. 'आपल्या' असे मी मुद्दामच म्हणतो. प्रकाश नारायण संत (१९३७–२००३) म्हणजे भालचंद्र गोपाळ दीक्षित. इंदिरा संत आणि नारायण संत यांचे हे चिरंजीव आजोळी दत्तक गेले, बेळगावात वाढले आणि पुढे कराडला भूगर्भशास्त्र शिकवीत राहिले. 'वनवास' १९९४ साली आले, मागोमाग 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर'. आईवडिलांपासून दूर, आजी-आजोबांकडे राहणारा लंपन, त्याची सुमी, त्याचे मित्र. बेळगावकर वाचकाला ते गाव ओळखायला वेळ लागत नाही.

लंपनच्या भाषेविषयी पुष्कळ लिहून झाले आहे. तो 'मॅड' हा शब्द कसा वापरतो, अचाट आकडे किती नेमकेपणाने सांगतो, याचे कौतुक पुण्या-मुंबईच्या समीक्षकांनी केले. पण इकडच्या वाचकाला जे पहिल्यांदा जाणवते त्याकडे तिकडे फारसे कुणी वळले नाही, आणि ते म्हणजे मुलांची नावे. कणबर्गी गंग्या, जंब्या कटकोळ. कणबर्गी हे बेळगावला लागून असलेले गाव, कटकोळ रामदुर्ग तालुक्यातले. मराठी रीतीने यांचे कणबर्गीकर आणि कटकोळकर झाले असते. इथे गावाचे नाव तसेच आडनाव होते, ही कानडी रीत. त्यातही 'कणबर्गी गंग्या' असे आडनाव आधी आणि नाव नंतर. संतांनी या मुलांची ओळख करून देताना भाषेचा प्रश्न कुठेही काढलेला नाही. त्यांची नावे मित्रांच्या तोंडी असतात तशी लिहून टाकली, आणि दोन भाषांच्या सीमेवरचा आख्खा वर्ग एका दमात कागदावर आला.

यामागे काळाचेही कारण आहे. संतांचे बालपण गेले तेव्हा बेळगाव मुंबई इलाख्यात होते. १ नोव्हेंबर १९५६ अजून यायचा होता. लंपनला 'सीमाभाग' हा शब्द माहीत असण्याचे कारण नाही. कानडी हा त्याच्यासाठी शेजारच्या घरातून येणारा आवाज आहे, त्याला अजून कुणी प्रश्न म्हणू लागलेले नाही. आपल्या पिढीला त्या कथा वाचताना घशात जे काही दाटते ते नुसत्या बालपणाचे नसते. ज्या वर्गात ही दोन्ही आडनावे एकाच बाकावर कुणाला न विचारता बसत होती, तो वर्ग आपण पाहिलेला नाही.

२०२४ साली निपुण धर्माधिकारी यांनी दिग्दर्शित केलेली 'लंपन' ही मालिका सोनी लिव्हवर आली, आणि त्या वर्षी गोव्याच्या इफ्फीत तिला सर्वोत्कृष्ट वेबमालिकेचा पुरस्कार मिळाला. मोबाइलवर ती पाहून आलेल्या सातवीतल्या एका मुलीने मला व्हरांड्यात अडवून विचारले, "सर, लंपन आपल्यातला काय?" तिच्या त्या 'आपल्यातला' मध्ये नेमके काय काय होते ते मी अजून ठरवू शकलेलो नाही.

पण लंपनविषयीही मला काही बोलायचे आहे, आणि ते बोलण्याआधी स्वतःचा एक दोष सांगायला हवा. आमच्या भागातले मूल 'मी अभ्यास केलो', 'मी पुस्तक वाचलो' असे लिहिते. मराठीच्या व्याकरणाप्रमाणे इथे कर्मणी प्रयोग हवा: पुस्तक वाचले, कविता वाचली. क्रियापद कर्माच्या मागून जाते. कानडीत ते कर्त्याच्या मागून जाते, आणि आमची मुले घराघरांतून, बाजारातून तीच चाल ऐकत मोठी होतात. मुलीही 'मी आलो', 'मी जातो' म्हणतात. 'काय करूलालास' हे रूप तर पुण्याच्या पाहुण्याला दोनदा ऐकवावे लागते. गेली अठ्ठावीस वर्षे मी या 'केलो'खाली तांबडी रेघ ओढत आलो आहे. परीक्षेसाठी ते करावेच लागते. पण नुसती रेघ ओढून मी थांबत नसे. 'हे मराठी नव्हे' असेही म्हणत असे. ते मात्र चुकीचे होते. ते मराठीच आहे, परीक्षेतले नाही इतकेच.

संतांच्या संवादांत या बोलीचा वास भरून आहे. कथनाचा पाया मात्र लंपनच्या घरच्या मराठीचा आहे, आणि ते घर शिकलेल्या माणसांचे आहे. 'मी अभ्यास केलो' म्हणणारा मुलगा तिथे मित्र म्हणून भेटतो, कथा सांगणारा म्हणून भेटत नाही. संतांचे मोठेपण असे की त्या मित्राला त्यांनी कधी कमी लेखले नाही. लंपनच्या जगात गुणपत्रिकेला फारसा मान नाही. कोण कशात पटाईत, कोणाला कशाचे वेड, यावरून मुले ओळखली जातात. 'शाळा'तल्या वर्गापेक्षा हा वर्ग मला म्हणूनच अधिक मोकळा वाटतो. पण एका अर्थाने तो सोपाही आहे. लंपन वाढतो, त्याच्यावर आघात होतात. वर्ग मात्र त्याच वयात थांबलेला राहतो. नाव कमी होण्याची वेळ येते ती आठवी-नववीत, आणि संत आपल्याला तिथवर नेत नाहीत.

तिथे नेतो तो आनंद यादवांचा आनंदा. 'झोंबी' १९८७ साली प्रसिद्ध झाली, १९९० चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. गाव कागल, म्हणजे निपाणीकरांसाठी शेजारचा उंबरा. मुलाने मळ्यात राबावे असे बापाला वाटते, मुलाला शाळा हवी असते, आणि पुस्तकभर ही ओढाताण चालते. पटावरून कमी होण्याच्या बेतात असलेल्या मुलाने स्वतः लिहिलेले असे पुस्तक मराठीत फार नाही. शिवाय त्याची भाषा बघा. मळ्यातली, बैलांची, मोटेची मराठी तिथे पाहुणी म्हणून येत नाही, तिच्याच घरात सगळे घडते.

या वेळच्या वाचनात 'झोंबी'विषयी एक नवीन गोष्ट ध्यानात आली. त्यात शाळा आहे, मास्तर आहेत, अभ्यासाची तहान तर पानोपानी आहे. पण 'शाळा'त किंवा लंपनकथांत असतो तसा सवंगड्यांचा वर्ग नाही. मी बराच वेळ याचे कारण शोधत होतो. मग वाटले, वर्गाची आठवण तयार होते मधल्या सुट्टीत, शाळा सुटल्यावर रेंगाळण्यात, पावसात मुद्दाम भिजत घरी जाण्यात. ज्याला शाळा सुटल्याबरोबर मळ्यात हजर व्हायचे आहे त्याच्या वाट्याला धडे येतात, वर्ग येत नाही. मुकुंद आणि लंपन यांच्याकडे वेळ आहे म्हणून त्यांच्याकडे मित्र आहेत. आनंदाकडे दोन्ही नाहीत. हा निष्कर्ष मला फार आवडला होता आणि हा लेख मी त्यावरच संपवणार होतो.

मधे नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'चा (२०१३) विचार आला. त्यातला शाळेजवळचा प्रसंग सर्वांना आठवत असेल. जब्याचे कुटुंब डुकरे पकडत आहे, शाळेतून राष्ट्रगीत सुरू होते आणि सगळे जागच्या जागी उभे राहतात. वर्गसोबती हा तमाशा पाहायला जमतात. ज्या वर्गाच्या आठवणीने मुकुंदाच्या डोळ्यांत पाणी येते तोच वर्ग जब्यासाठी हसणाऱ्या तोंडांची रांग असतो. यावर अधिक लिहायला नको. मात्र स्मरणिकांच्या संपादकांनी हा चित्रपट एकदा अवश्य पाहावा, असे मी स्वतःला धरून म्हणतो.

कानडीतही असा एक चित्रपट आहे. दिग्दर्शक रिषभ शेट्टी, साल २०१८. कासरगोडची कानडी प्राथमिक शाळा बंद पडू घातली आहे आणि तिथली मुले ती वाचवायला निघतात, अशी त्याची गोष्ट. कासरगोड १९५६ पासून केरळात. म्हणजे तिकडे कानडी मुले आपल्या जागी आहेत. गणित मल्याळीत शिकवायला आलेले मास्तर आणि काही न कळून बसलेली मुले हा भाग थट्टेने घेतला आहे, पण मला हसता हसता अवघडल्यासारखे झाले. त्यात दड्ड ठरलेला एक मुलगाही आहे. 'दड्ड' हा शब्द आपल्याही वर्गांत चालतो, आणि तो कानडी की मराठी असा विचार तो ऐकणाऱ्या मुलाच्या मनात येत नसावा.

आता माझ्या आवडत्या निष्कर्षाचे काय झाले ते सांगतो. मेळाव्यानंतर यादीचा प्रश्न मनात होताच. आठवीत माझ्या मागच्या बाकावर बसणारा एक मुलगा नववीच्या पहिल्या सहामाहीत शाळेतून गेला होता. खानापूरकडे कौलांचे कारखाने होते, त्यातल्या एकात तो कामाला लागला. मी वर्गाचा मॉनिटर. महिनाअखेरची बेरीज सर माझ्याकडून करून घेत. एका संध्याकाळी ते म्हणाले, "त्याचं नाव कमी कर." मी फूटपट्टी लावून तांबड्या पेनाने रेघ ओढली. रेघ सरळ आली याचा मला आनंद झाला होता, हेही आठवते.

तो आता म्हापशाकडे गवंडीकाम करतो. गणपतीला गावी आला तेव्हा भेटायला गेलो. पहिली दहा मिनिटे तो मला 'सर' म्हणत होता. मग चहा आला आणि तो 'तू' वर आला. मी यादीची गोष्ट काढली. आठवीतली कोण कोण मुले आठवतात, विचारले. त्याने बशी खाली ठेवली, आणि एक नंबरपासून हजेरी म्हणायला सुरुवात केली. आडनाव, नाव, बापाचे नाव. त्रेचाळीसपर्यंत तो कुठे अडला नाही. पुढे दोन नावे मागेपुढे झाली, मग मुलींची नावे सुरू झाली. ज्यांची नावे सातवी-आठवीत, काहींची माझ्या आठवणीच्याही आधी कमी झाली होती, ती सगळी त्यात होती. मी खिशातला कागद काढून लिहीत गेलो. मला त्यातली पाव नावे ओळखीचीसुद्धा वाटली नाहीत.

"हे कसं पाठ राहिलं?" मी विचारले.

"अगा, भट्टीम्होरं दिवसभर काय तरी म्हणाय पायजे की. गाणं मला येत न्हाई. मग हजेरीच म्हणूलालतो."

झोंबीविषयीचा माझा सिद्धान्त तिथेच गळून पडला, निदान निम्मा. ज्याला वेळ नाही त्याच्याकडे वर्गाची आठवण नसते, असे मी ठरवून टाकले होते. त्याच्याकडे ती माझ्यापेक्षा धड होती. ती कुणी लिहून घेतली नव्हती, इतकेच. आणि एका वाचकाच्या नात्याने सांगतो, आमच्या स्मरणिकेतल्या पंचवीस लेखांपेक्षा ती हजेरी ऐकताना मला आमचा वर्ग अधिक दिसला. तिच्यात एकही विशेषण नव्हते. लेखांत आम्ही सगळे आपापल्या बालपणावर बोलत होतो. तो मात्र प्रत्येकाला एकदा हाक मारीत होता. आपले स्वतःचे नाव त्याने बरोबर त्याच्या नंबरावर घेतले आणि पुढे गेला.

रेघेची गोष्ट मी त्याला सांगितली. त्याला ती ठाऊक नव्हती. "मग काय करणार," तो म्हणाला, "मी येणार न्हाई म्हणून घरातनं कुणी सांगितलंच न्हाई." आणि त्याने विषय बदलला.

स्मरणिकेची पुरवणी आता निघाली आहे, चारच पानांची. त्यात त्याने म्हटलेल्या क्रमाने सगळी नावे छापली आहेत. जे गेले त्यांच्यापुढे फुली न करता तशीच. दोघांचा ठावठिकाणा अजून लागलेला नाही.

निघताना मी त्याला 'वनवास' वाचायला दिले होते. तो वाचतो का, हे न विचारता दिले, याचा नंतर मला संकोच वाटला. दिवाळीच्या आधी पुन्हा गावी आला तेव्हा पुस्तक घेऊन घरी आला. वर्तमानपत्राचे कव्हर घातलेले. चोर्ल्याच्या घाटातून येताना बसमध्ये शेवटची पाने संपवली म्हणाला.

"बरं हाय. पण एक सांग. पोरगं आज्जीकडं ऱ्हातंय, वेळेवर जेवतंय. आणि त्येला वनवास म्हणूलाल्यात?"

आई नाही ना जवळ, मी म्हटले. लहान पोर आहे.

त्याने थोडा विचार केला. "ते हाय," म्हणाला. "रात्रीचं ते हाय." आणि मग विचारले, "ह्या समद्या पोरांचं पुढं काय झालं? शिकली काय सगळी?"

पुढची तीन पुस्तके मी कपाटातून काढून दिली. 'झोंबी'ही काढले होते, पण ते जाड पाहून तो म्हणाला, हे शिमग्याला नेतो.